डेस्कटॉपवर व्हर्च्युअल मशीन यायला तीस वर्षं का लागली?

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवण्याची युक्ती डेस्कटॉपपेक्षा जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) इथल्या केंद्रात १९६७ मध्येच सीपी-४० ही अशी प्रणाली वापरात होती. मेनफ्रेम, म्हणजे मोठा सामायिक संगणक, एकच; पण तिच्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला जणू स्वतंत्र सिस्टिम/३६० (आयबीएमचा तेव्हाचा संगणक) मिळे. १९७२ मध्ये आयबीएमची तशीच व्हीएम/३७० आली.

मग साध्या पीसीवर हे यायला १९९९ का उजाडावं लागलं? अपुरी मेमरी, संथ प्रोसेसर ही कारणं होतीच. पण खरी अडचण पीसीत वापरल्या जाणाऱ्या इंटेलच्या एक्स८६ या प्रोसेसर-रचनेतच होती आणि या इतिहासातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग तोच आहे.

आतल्या, म्हणजे पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमला वाटत असतं की सगळं यंत्र आपल्याच ताब्यात आहे. प्रत्यक्षात ती कमी अधिकारांत चालते. तिने अधिकाराबाहेरची आज्ञा दिली, की प्रोसेसरने ती अडवून हायपरवायझरकडे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, सोपवायची. ही अट जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये नेमकेपणाने मांडली होती. एक्स८६ ती पाळत नव्हता. 'पॉपएफ' ही आज्ञा घ्या. पाहुण्या सिस्टिमने तिच्यातून इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद करायला सांगितले, तर प्रोसेसर तिला अडवत नाही, चूकही दाखवत नाही. तेवढा बदल गुपचूप गाळून पुढे जातो. हायपरवायझरला पत्ता नाही आणि पाहुणी सिस्टिम मात्र इंटरप्ट बंद झाले असं धरून चालते. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये अडचणीच्या अशा १७ आज्ञा निघाल्या.

सगळ्याच आज्ञांची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करता येते. मॅकवर पीसी चालवणारा 'व्हर्च्युअल पीसी' हा प्रोग्राम १९९७ पासून तेच करत होता, पण त्यात वेग जातो. स्टॅनफर्डच्या मेंडेल रोझेनब्लम आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि मधली वाट शोधली: पाहुण्या सिस्टिमच्या कर्नलचा (गाभ्याचा) कोड चालण्याआधी तुकड्यातुकड्याने तपासायचा, घातक आज्ञा बदलायच्या आणि साधे प्रोग्राम थेट प्रोसेसरवर सोडायचे. मे १९९९ मध्ये आलेलं व्हीएमवेअर वर्कस्टेशन यावरच उभं होतं. हार्डवेअरची साथ नसताना केलेलं हे काम आजही थक्क करतं.

इंटेलने २००५ मध्ये व्हर्च्युअल मशीनसाठी प्रोसेसरमध्येच साथ देणारं व्हीटी-एक्स आणलं, पुढच्या वर्षी एएमडीने एएमडी-व्ही. गंमत म्हणजे सुरुवातीला व्हीएमवेअरची सॉफ्टवेअरची पद्धत बऱ्याच कामांत यापेक्षा वेगवान ठरली, कारण हायपरवायझरकडे जाण्याची प्रत्येक फेरी महाग होती आणि पाहुण्या सिस्टिमच्या मेमरीचा हिशेब अजून सॉफ्टवेअरलाच ठेवावा लागे. इंटेलने २००८ च्या नेहेलेम प्रोसेसरपासून तो हिशेब हार्डवेअरमध्ये घेतला.

दरम्यान २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरवायझर लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाला आणि इनोटेक या जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स या आपल्या व्हर्च्युअल मशीन प्रोग्रामचा सोर्स खुला केला. डिसेंबर २०१९ च्या ६.१ आवृत्तीत व्हर्च्युअलबॉक्सने जुना, निव्वळ सॉफ्टवेअरचा मार्ग काढूनच टाकला. म्हणूनच बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही बंद असेल, तर आता त्यात मशीन सुरूच होत नाही.