विमानाचा अँटेना: दिसतो तो अर्धाच

विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला पेन्सिलीएवढ्या काड्या दिसतात. खिडकीशी बसलेले अनेकजण त्यांनाच अँटेना समजतात. त्या काड्या फक्त स्थितिक विद्युतभार हवेत सोडून देतात. पाऊस, धूळ, हिमकण घासून विमानावर भार साचतो आणि तो भलतीकडूनच सुटू लागला, तर वैमानिकाच्या कानात नुसती खरखर येते.

खरे अँटेना म्हणजे पाठीवर आणि पोटाखाली माशाच्या परासारखी उभी असलेली पाती. त्यांची उंची तरंगलांबीवरून ठरते. 300 ला मेगाहर्ट्‌झने भागा, तरंगलांबी मीटरमध्ये येते. वैमानिकाच्या बोलण्याचा रेडिओ 118 ते 137 मेगाहर्ट्‌झवर चालतो. 127 धरले तर तरंगलांबी 2.36 मीटर आणि तिचा पाव हिस्सा 59 सेंटिमीटर, तीच पात्याची उंची. (आत जुळणीचे सर्किट घालून पाते याहून बुटके करता येते.) ट्रान्सपॉन्डर, म्हणजे जमिनीवरच्या रडारने विचारले की आपोआप उत्तर देणारा विमानातला संच, 1090 वर उत्तर देतो, म्हणून त्याचा अँटेना जेमतेम 7 सेंटिमीटरचा.

पण पाव हिस्साच का? रेडिओच्या अँटेनाला मुळात दोन भुजा लागतात, प्रत्येकी पाव तरंगलांबीची. एक भुजा काढून तिथे धातूचा सपाट पत्रा ठेवला, तर पत्रा आरशासारखा वागतो आणि दुसऱ्या भुजेचे काम करतो. पात्यात जेवढा प्रवाह वर चढतो, तेवढाच पत्र्यातून बुडाशी परत येतो. विमानाची ॲल्युमिनियमची कातडी हाच तो पत्रा. शिवाय इतक्या वारंवारितेचा प्रवाह धातूच्या पोटात शिरत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ थरात, पृष्ठभागावरूनच वाहतो. म्हणजे सगळी मदार पाते आणि कातडी यांच्या सांध्यावर.

बिघाडही तिथेच होतो. बुडाखाली पाणी झिरपते, ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि परतीची वाट बंद होते. मग रेडिओने पाठवलेली शक्ती केबलमधून उलटी फिरते. किती शक्ती उलटी फिरते ते सांगणारे माप म्हणजे स्थायी तरंगांचे गुणोत्तर. ते 1 असले तर काहीच परतत नाही, 3 झाले की पाव शक्ती गेलीच. वैमानिक म्हणतो, रेडिओ खराब आहे. रेडिओ बदलतात, तक्रार तशीच राहते.

उपाय: पाते उतरवा, बुडाखालचा रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करा, त्यावर गंजरोधक पण वीजवाहक रासायनिक लेप द्या, स्क्रू आवळा आणि रोध मोजा. तो 3 मिलिओहमच्या आत हवा. साधा मल्टिमीटर इथे कामाचा नाही, त्याच्या तारांचाच रोध याच्या कितीतरी पट असतो. चार तारांचा मिलिओहममीटर घ्यावा. मोजणी झाल्यावरच कडेने सीलंट लावावे. पात्यावर धातूची पूड असलेला रंग मात्र कधीही नको.

फायबरग्लासच्या विमानाला हा आरसा नसतोच. तिथे आतून तांब्याची जाळी किंवा पातळ पत्रा, पाव तरंगलांबीच्या त्रिज्येइतका तरी, बसवावा लागतो. नाहीतर दोन्ही भुजांचा अँटेना शेपटीच्या आतच लपवतात, कारण फायबरग्लासमधून लहरी आरपार जातात. कार्बन फायबरच्या शेपटीत हा डाव साधत नाही. ते लहरी अडवते.