करंगळीमागचे दोन सेंटिमीटर

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, प्रत्येक संघाला सामन्याआधी दुखापतींचा अहवाल जाहीर करावा लागतो. खेळाडूचं नाव, दुखरा अवयव, सराव किती केला, आणि शेवटी शेरा: 'क्वेश्चनेबल' (खेळेल की नाही सांगता येत नाही), 'डाउटफुल' (बहुधा नाही) किंवा 'आउट' (नाहीच). अवयवाच्या रकान्यात पुष्कळदा एवढंच असतं: पाऊल. या एका शब्दावर असंख्य लोक आपापले फॅन्टसी संघ, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदावरचे संघ, बदलतात. त्यातले अर्धे म्हणतात, "पाऊलच ना, गुडघा तर नाही गेला!" उरलेले अर्धे म्हणतात, "पाय मोडला, संपला गडी." दोघंही अंदाजपंचे बोलत असतात. मराठीत तर आणखी पंचाईत, कारण आपल्याकडे मांडीपासून अंगठ्यापर्यंत सगळा पायच.

फुटबॉल म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे गोल चेंडू येतो त्यांच्यासाठी थोडक्यात: इथला चेंडू लांबोडका असतो आणि बहुतेक काम हातांनी चालतं. पाय लागतात ते पळायला आणि मुख्य म्हणजे वळायला. रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, पूर्ण वेगात धावत जातो, एक पाऊल रोवतो आणि काटकोनात फिरतो. फॅन्टसीत आपण ऑगस्टअखेर खरे खेळाडू 'ड्राफ्ट' करायचे, मग त्यांनी मैदानावर जे केलं त्याचे गुण आपल्याला. साधारणपणे चेंडू 10 यार्ड पुढे नेल्याचा एक गुण आणि टचडाउनचे, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवल्याचे, सहा. म्हणजे रिसीव्हरचं ते रोवलेलं पाऊल आपल्यासाठी सोन्याचं.

आता जरा स्वतःचं पाऊल हातात घ्या. करंगळीपासून बाहेरच्या कडेनं टाचेकडे बोट फिरवत या. मध्यावर एक टणक उंचवटा लागेल. पावलात 26 हाडं असतात. त्यांतली बोटांच्या मागची पाच लांब हाडं म्हणजे मेटाटार्सल. हा उंचवटा पाचव्या मेटाटार्सलचं मागचं टोक. या टोकापासून पुढे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात हे हाड नेमकं कुठे मोडलं, यावर कुणाचा महिना जाणार आणि कुणाचा हंगाम जाणार हे ठरतं.

डॉक्टर या पट्ट्याचे तीन भाग करतात. पहिला खुद्द उंचवट्याचा. पाऊल आत मुरगळलं की तिथे चिकटलेले बंध जोरात ताणले जातात आणि हाडाचा टवका उपटून काढतात. (हा टवका पेरोनियस ब्रेव्हिस स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, उपटते की तळव्याच्या जाड पडद्याची बाहेरची पट्टी, यावर अस्थितज्ज्ञ वाद घालत आले आहेत. आपण त्यात पडायला नको.) इथलं हाड आतून स्पंजासारखं, रक्तानं भिजलेलं. कडक तळव्याचा बूट घालून सहा ते आठ आठवडे काढले की बहुतेकदा ते गुपचूप जुळतं.

दुसरा भाग थोडा पुढे, जिथे पाचवं मेटाटार्सल शेजारच्या चौथ्याला टेकतं. इथल्या फ्रॅक्चरला 'जोन्स फ्रॅक्चर' म्हणतात. लिव्हरपूलचे शल्यविशारद रॉबर्ट जोन्स एकदा नाचताना पाऊल दुखावून बसले. त्यांना वाटलं कंडरा तुटली. पण 1895 मध्ये राँटगेननं क्ष-किरण शोधून काढले होते आणि जोन्स त्यांचा वापर करणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांपैकी होते. स्वतःच्याच पावलाचं चित्र काढून घेतलं, तर हाड मोडलेलं, टोकापासून पाऊण इंचावर. कशाचा आघात नाही, पावलावर काही पडलं नाही, तरी हाड कसं मोडलं? 1902 मध्ये त्यांनी असे आणखी काही रुग्ण गोळा करून लेख लिहिला. स्वतःच्या दुखापतीला स्वतःचंच नाव मिळणारे डॉक्टर फार नसावेत. तिसरा भाग त्याच्याही पुढे, हाडाच्या दांड्याच्या सुरुवातीला. तिथे सहसा एका दिवसात मोडत नाही, महिनोन् महिने तडा वाढत जातो.

आता मला ज्याच्यासाठी हा लेख लिहायचा होता तो भाग: दुसऱ्या-तिसऱ्या भागातलं हाड लवकर जुळत का नाही?

हाड जिवंत असतं आणि त्याला रक्त लागतं. पाचव्या मेटाटार्सलला ते मुख्यतः दोन वाटांनी मिळतं. एक धमनी दांड्याच्या मध्याजवळ आतल्या बाजूनं शिरते. आत शिरल्यावर तिच्या फांद्या फुटतात, त्यांतली एक मागे वळून उंचवट्याच्या दिशेनं जाते. दुसरी वाट उंचवट्याकडून: तिथे बारीक बारीक रक्तवाहिन्या चहूबाजूंनी घुसतात. दोन्ही वाटा एकमेकींकडे येतात आणि जिथे गाठ पडायची तिथेच दोघींचा जोर संपतो. दोन कालव्यांच्या शेपटाकडचं शेत कल्पून पाहा. कागदोपत्री दोन्हीकडून पाणी, प्रत्यक्षात दोन्हीकडून ओल तेवढी. जोन्स फ्रॅक्चर होतं ते नेमकं या शेतात. वर दांडा मोडताना मागे वळलेली ती फांदीही तुटू शकते, म्हणजे एक कालवा फुटलाच.

मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ होते, मग मऊ कूर्चा, मग कच्चं हाड, मग पक्कं. प्रत्येक पायरीला पेशी लागतात, पेशींना प्राणवायू लागतो, आणि तो आणणार रक्त. पुरवठा तुटपुंजा असला की काम मऊ पायरीवर रेंगाळतं.

दुसरी अडचण यंत्रशास्त्रातली. या हाडाचं मागचं टोक शेजारच्या हाडांना अस्थिबंधांनी घट्ट बांधलेलं असतं, पुढचा दांडा मात्र बऱ्यापैकी मोकळा. भिंतीत ठोकलेली खुंटी बाहेरून वाकवली तर ती मध्यावर मोडत नाही, भिंतीच्या तोंडाशी मोडते. रिसीव्हर टाच उचलून, सगळं वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर टाकून वळतो तेव्हा हीच खुंटी वाकते आणि सगळा ताण बांधलेला भाग संपतो तिथे एकवटतो. म्हणजे ताण सर्वांत जास्त तिथेच रक्त सर्वांत कमी. ज्यांची टाच मुळातच थोडी आत झुकलेली असते त्यांच्या बाहेरच्या कडेवर आणखी भार येतो.

त्यात हाडाची रोजची डागडुजी. हाड सतत स्वतःला थोडं खोदतं आणि पुन्हा भरतं. खोदणाऱ्या पेशी वेगवान, दोन-तीन आठवड्यांत खड्डा करून मोकळ्या होतात. भरणाऱ्या पेशी संथ, त्यांना काही महिने लागतात. सराव एकदम वाढवला तर खड्डे जास्त आणि भरणी मागे. तडे पडतात ते असे. जुन्या तड्यात तर शरीर हाडाची आतली पोकळीच टणक हाडानं बुजवून टाकतं. बाहेरून मजबूत दिसतं, पण आतून रक्ताचा रस्ता बंद. म्हणून शल्यविशारद अशा हाडात आधी ड्रिल घालून पोकळी पुन्हा उघडतात. मुद्दाम रक्त आणायचं, हाच हेतू.

मग त्या पोकळीत लांबीच्या दिशेनं एक जाड स्क्रू जातो. दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले की फट कमी आणि हालचालही कमी. पण हाड धनुष्यासारखं किंचित वाकडं आणि स्क्रू सरळ. फार लांब स्क्रू घातला तर तो हाडाला सरळ करू पाहतो आणि बाहेरच्या बाजूला फट उघडतो. फार बारीक घातला तर आत सैल राहतो. आणि कितीही उत्तम बसवला तरी तो धातू आहे. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच तोही थकतो. शस्त्रक्रियेनंतर खरी शर्यत सुरू होते: आधी हाड जुळतं की आधी धातू थकतो? हाड जिंकलं तर स्क्रू पुढे जन्मभर नुसता बसून राहतो. खेळाडू लवकर मैदानात उतरला तर शर्यतीत धातूचा भार वाढतो. गंमत म्हणजे वेदना या शर्यतीचा निकाल सांगत नाही. ती आधीच थांबते. हाड खरोखर सांधलं का, ते सीटी स्कॅन सांगतो.

इथपर्यंत जे टिकले त्यांनी आता आकडे बघावेत.

डॅलसचा डेझ ब्रायंट 2014 मध्ये भरात होता: 88 झेल, 1,320 यार्ड, 16 टचडाउन. 2015 च्या पहिल्याच सामन्यात हे हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि पाच सामने बुडवून तो परतला. ड्राफ्टमध्ये त्याच्यावर पहिली निवड खर्च केलेल्यांनी नक्कीच सुटकेचा श्वास टाकला असणार. पण पुनरागमनाच्या सामन्यात 12 यार्ड, आणि वर्षाअखेर नऊ सामन्यांत मिळून 31 झेल, 401 यार्ड. तो 'परतला' होता हे खरं. वळणारं पाऊल मात्र परतलं नव्हतं. फॅन्टसीतली सर्वांत महागडी चूक हीच. अहवालातून नाव गायब झालं म्हणजे हाड जुळलं, असं आपण धरून चालतो.

अटलांटाच्या जुलिओ जोन्सची गोष्ट आणखी बोलकी (आडनाव जोन्स हा निव्वळ योगायोग). 2011 मध्ये, एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या खऱ्या ड्राफ्टच्या आधीच्या चाचणीत, तो 40 यार्ड 4.4 सेकंदांच्या आत धावला, तेही पाचव्या मेटाटार्सलला फ्रॅक्चर असताना. स्क्रू घातला. 2013 मध्ये पाच सामन्यांत 41 झेल, 580 यार्ड अशा तुफान सुरुवातीनंतर तेच हाड पुन्हा मोडलं आणि हंगाम संपला. पण पुढे घाई झाली नाही, अख्खी उन्हाळी विश्रांती मिळाली, आणि 2014 मध्ये 1,593 यार्ड, 2015 मध्ये 1,871. एकाच दुखापतीची ही दोन चित्रं. मधला फरक महिन्यांचा.

न्यू इंग्लंडचा ज्युलियन एडलमन तिसरा. नोव्हेंबर 2015 मध्ये पाऊल मोडलं, दोन महिन्यांत परतला आणि प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, पहिल्याच सामन्यात 10 झेल, 100 यार्ड. म्हणजे लवकर परतून चमकताही येतं. फक्त काही महिन्यांनी त्याच पावलावर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली.

पावलाची सगळी दुखणी काही करंगळीमागे नसतात. पावलाच्या मध्यावर दुसरं मेटाटार्सल कमानीतल्या कळीच्या दगडासारखं खाचेत बसलेलं असतं, आणि पहिल्या-दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडांना एकमेकांशी थेट बांधणारा अस्थिबंधच नसतो. तिरका जाणारा एक मजबूत बंध सगळं धरून ठेवतो. तो तुटला की 'लिसफ्रँक' दुखापत. हे नाव नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच शल्यविशारदाचं. झोपवून काढलेला एक्स-रे साफ दिसू शकतो. उभं करून, वजन टाकून काढला की फट उघडी पडते. रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या, नावापुढे हा शब्द दिसला तर मी तो हंगाम सोडून देतो. जॅक्सनव्हिलच्या ट्रॅव्हिस एटियनचं 2021 चं पदार्पणाचं सबंध वर्ष यात गेलं. पुढच्या वर्षी तो 1,125 यार्ड धावला.

शापाबद्दलही बोलायला हवं, कारण दर ऑगस्टला तो विषय निघतोच. 'मॅडन' या व्हिडिओ गेमच्या वेष्टनावर ज्याचा फोटो येतो तो जायबंदी होतो म्हणे. पुरावा म्हणून शॉन अलेक्झांडरचं नाव येतं: 2005 मध्ये 1,880 यार्ड, सर्वोत्तम खेळाडूचा किताब, मग वेष्टनावर फोटो, आणि 2006 मध्ये पावलाचं हाड मोडून सहा सामने बाहेर. अहो, पण आदल्या हंगामात त्या माणसानं चेंडू घेऊन 370 वेळा धाव घेतली होती! वेष्टनावर येतो तो कारकिर्दीतल्या सर्वोत्तम वर्षानंतर, आणि शिखरावरून पुढची वाट बहुधा उताराचीच असते. कॅल्विन जॉन्सन 2012 च्या वेष्टनावर आला आणि त्याच हंगामात त्यानं 1,964 यार्डांचा विक्रम केला. त्याचं नाव शापाच्या गोष्टीत कुणी घेत नाही.

तर निर्णय घेताना मी काय बघतो? 'किती आठवडे' हा आकडा शेवटी. आधी जागा: टवका, जोन्स की मध्यावरचा बंध. मग पहिल्यांदा मोडलं की दुसऱ्यांदा. मग त्याचं काम काय: क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, दुखऱ्या पावलावर निभावून नेतो, वळण्यावर पोट असलेला रिसीव्हर नेऊ शकत नाही. त्यानंतर पंचांग. 'इंज्युअर्ड रिझर्व्ह' या जायबंदी खेळाडूंच्या यादीत गेलेल्याला किमान चार सामने मुकावे लागतात. फॅन्टसीचे बाद फेरीचे सामने बहुतेक लीगमध्ये 15 ते 17 या आठवड्यांत असतात. ऑगस्टमधलं जोन्स फ्रॅक्चर असेल तर राखीव जागा अडवून ठेवण्यात अर्थ आहे. ऑक्टोबरअखेरचं असेल तर माझ्या मते नाही, मग संघ काहीही सांगो. आणि गेल्या हंगामात ज्याचं हाड मोडलं, पण नंतर सात-आठ महिने शांतपणे मिळाले, तो पुढच्या ड्राफ्टमध्ये स्वस्तात मिळतो, कारण लोकांना मोडणं आठवतं, जुळणं कुणी बघितलेलं नसतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या डीबो सॅम्युअलचं जोन्स फ्रॅक्चर जून 2020 मधलं. तो चौथ्या आठवड्यात परतला आणि त्या हंगामात सातच सामने खेळला. 2021 मध्ये 1,405 यार्ड झेलले, शिवाय धावून आठ टचडाउन. हे सगळं रक्तपुरवठ्याचं शास्त्र मला तेव्हाही पाठ होतं. तरी त्या ड्राफ्टला माझ्या वहीत त्याच्या नावापुढे वर्षभरापूर्वी लिहिलेला एकच शब्द होता, पाऊल, आणि तो बघून मी पुढच्या नावाकडे वळलो.