शीर्षकासोबत पहिली ओळ आणि आवाजांची संख्याही कळवा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या छोट्या कार्यालयात साधारण १४५० ते १६२० या काळातील युरोपीय पॉलिफनीच्या, म्हणजे अनेक स्वतंत्र चाली (अशा प्रत्येक चालीला ‘आवाज’ म्हणतात) एकाच वेळी गायल्या जाणाऱ्या रचनांच्या, तपशीलवार नोंदी ठेवल्या जातात. त्यांच्या आधारे गोवा, मुंबई आणि पुणे येथील गायकवृंदांना व अभ्यासकांना हवी ती स्वरलिपी शोधून दिली जाते. मोटेट (लॅटिन धार्मिक शब्दांवरील समूहगायनाची रचना) म्हणजे काय, मिस्साचे (ख्रिस्ती उपासनेतील ठरलेल्या प्रार्थनांच्या संगीतरचनेचे) पाच भाग कोणते, आल्टो (वरून दुसरा आवाज) आणि टेनर (त्याखालचा पुरुषी आवाज) यांत फरक काय, हे आपणांस ठाऊकच आहे. हे पत्रक एका वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मागण्यांत केवळ रचनेचे शीर्षक असते, फार तर त्यापुढे रचनाकाराचे नाव असते, आणि तेवढ्यावरून रचना निश्चित करण्यात आमचे व आपले दिवस खर्ची पडतात.

यात अवघड काय आहे, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. पण गणेशोत्सवात कोणी आपल्याला केवळ ‘जय देव जय देव’ एवढेच सांगून आरती म्हणायला लावली, तर आपण आधी ‘कोणती?’ असे विचारू, कारण ते ध्रुवपद गणपतीच्या आरतीत आहे, शंकराच्या आहे आणि इतरही अनेक देवतांच्या आरत्यांत आहे. लॅटिन प्रार्थनांचेही तसेच आहे. ‘आवे मारिया’ हे शब्द कोणा एका रचनाकाराचे नाहीत. ती येशूची आई मारिया हिला उद्देशून केलेली प्रार्थना आहे, आणि पंधराव्या व सोळाव्या शतकांतील रचनाकारांनी ती पुन्हा पुन्हा संगीतबद्ध केली आहे. शिवाय सर्वांनी घेतलेला मजकूरही एकच नाही. पेत्रुची या मुद्रकाने १५०२ मध्ये व्हेनिस येथे काढलेल्या मोटेट-संग्रहाच्या आरंभी जोस्कँ दे प्रे या रचनाकाराची जी चार आवाजांची ‘आवे मारिया’ आहे, तिचे शब्द पहिल्या ओळीनंतर ‘वीर्गो सेरेना’ या वळणाने पुढे जातात, आणि ते नित्याच्या प्रार्थनेहून वेगळे आहेत.

याच शीर्षकाने काही वर्षांपूर्वी आमची आणि एका गायकवृंदाची मोठी अडचण केली. त्यांनी व्हिक्टोरिया या स्पॅनिश रचनाकाराची ‘आवे मारिया’ मागितली आणि आम्ही चार आवाजांच्या रचनेच्या तीस प्रती पाठवल्या. त्यांनी मात्र ध्वनिमुद्रण ऐकून आठ आवाजांच्या रचनेची तयारी चालवली होती. दोन गटांत उभे राहून सराव करणारे गायक चार ओळींची प्रत हाती घेऊन बसले, आणि कार्यक्रमाला नऊ दिवस उरले होते. आवाज किती, हे आम्ही विचारले नाही ही आमची चूक होती आणि आम्ही ती भरून दिली. तेव्हापासून आवाजांची संख्या कळल्याशिवाय कोणतीही प्रत छपाईला न पाठवण्याचा नियम आम्ही केला. काही ग्राहकांना तो जाचक वाटतो, तरी आम्ही तो सोडणार नाही. याच प्रकरणाला आणखी एक पदर आहे. ती लोकप्रिय चार आवाजांची रचना व्हिक्टोरियाच्या हयातीतील छापील ग्रंथांत आढळत नाही आणि ती त्याची असण्याबद्दल अभ्यासक साशंक आहेत. आमच्या नोंदीत तिच्यापुढे ‘श्रेय संदिग्ध’ असे लिहिलेले असते. ती गाऊ नये असा त्याचा अर्थ नव्हे. कार्यक्रमपत्रिकेत काय छापायचे, हे आपल्याला माहीत असावे, एवढाच हेतू आहे.

सोळाव्या शतकातील रचनाकार आर्काडेल्ट याच्या नावाने गायल्या जाणाऱ्या ‘आवे मारिया’बद्दल तर हे अधिकच आवश्यक आहे. तिचे संगीत त्याच्या एका तीन आवाजांच्या फ्रेंच प्रेमगीतावरून घेतलेले आहे, आणि लॅटिन शब्द व चौथा आवाज जोडून १८४२ मध्ये ती प्रसिद्ध करणारा पिएर-लुई दीत्श हा एकोणिसाव्या शतकातील संगीतकार होता. पदवीसाठी सोळाव्या शतकातील मोटेटवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ती उदाहरण म्हणून घेतली, तर मार्गदर्शकांपुढे त्याची पंचाईत होईल.

मिस्सांच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो, कारण तेथे शीर्षक बहुधा आधाराला घेतलेल्या चालीचे असते. ‘लोम आर्मे’, म्हणजे ‘शस्त्रधारी माणूस’, या लौकिक गीतावर आधारलेल्या चाळीसहून अधिक मिस्सा आज ज्ञात आहेत. त्यांतील दोन जोस्कँच्या आहेत आणि दोन पालेस्त्रीना या इटालियन रचनाकाराच्या. पालेस्त्रीनाच्या दोहोंपैकी पाच आवाजांची मिस्सा १५७० मध्ये उघडपणे त्या नावाने छापली गेली, तर १५८२ मधील चार आवाजांच्या मिस्सेला केवळ ‘चौथी मिस्सा’ असे नाव दिले गेले, म्हणून शीर्षकावरून शोधणाऱ्याच्या हाती ती लागतच नाही. इंग्रज रचनाकार विल्यम बर्डच्या तीन मिस्सा तीन, चार आणि पाच आवाजांच्या आहेत, तेव्हा ‘बर्डची मिस्सा’ या मागणीवर आम्हाला तीन संभाव्य उत्तरे पाठवावी लागतात. आणि ‘सिने नोमिने’ याचा अर्थच ‘नाव नसलेली’ असा होतो. अशा मिस्सा अनेक रचनाकारांनी लिहिल्या आहेत.

या सर्वावर उपाय सोपा आहे. मागणी करताना रचनेची पहिली ओळ, रचनेचे दोन भाग असल्यास दुसऱ्या भागाचीही पहिली ओळ, आवाजांची संख्या, आणि आपल्याकडे एखादी जुनी प्रत असल्यास तिच्या पहिल्या पानाचे छायाचित्र, एवढे पाठवावे. दुसऱ्या भागाचा आग्रह उगाच नाही. पालेस्त्रीनाची ‘सीकूत चेर्वूस’ पुष्कळ वृंद गातात, पण ‘सीतीवीत आनिमा मेआ’ हा तिचा उत्तरार्ध अनेक प्रतींत वगळलेला असतो, आणि रचना अपुरी मिळाल्याचे ग्राहकाच्या फार उशिरा लक्षात येते.

शब्दांच्या वर्णलेखनाची काळजी आपण करू नये, ती आमच्याकडे सोपवावी. जुने मुद्रक ‘यू’ आणि ‘व्ही’ किंवा ‘आय’ आणि ‘जे’ ही रोमन अक्षरे एकमेकांच्या जागी वापरीत असत. रचनाकारांच्या नावांचेही तसेच: लास्सो, लास्सुस आणि ओर्लांदुस या तिन्ही ठिकाणी एकच माणूस सापडतो. त्याच्या मृत्यूनंतर, १६०४ मध्ये, त्याच्या मुलांनी काढलेल्या एकाच संग्रहात ५१६ मोटेट आहेत, म्हणून त्याच्या बाबतीत आम्ही पहिल्या ओळीशिवाय शोधाला सुरुवातच करत नाही.

नोंदीपत्रकावर प्रत्येक आवाजाचे आरंभीचे काही स्वर का छापतो आणि त्याचे शुल्क का घेतो, हाही प्रश्न वारंवार येतो. त्या काळी पॉलिफनी बहुधा एकत्रित स्वरलिपीत छापली जात नसे, तर कांतुस, आल्तुस, तेनोर, बास्सुस (वरपासून खालपर्यंतच्या आवाजांची लॅटिन नावे) अशी प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका असे आणि तिच्यात तालविभाग दाखवणाऱ्या उभ्या रेषाही नसत. अशा पुस्तिकांतून शब्द चुकतात, नावे गळतात, एकच रचना दोन ग्रंथांत दोन रचनाकारांच्या नावे दिसते. आरंभीचे स्वर मात्र सहसा फसवत नाहीत. ते प्रत्येक आवाजासाठी हाताने उतरवावे लागतात आणि मूळ छायाचित्राशी ताडून पाहावे लागतात. सहा आवाजांच्या मोटेटला अर्धा दिवस सहज जातो, आणि आम्ही आकारतो ते शुल्क या कामाचे असते. रचना ओळखून देण्याचे पहिले उत्तर आम्ही आजही विनामूल्य देतो.

‘तुमची प्रत ध्वनिमुद्रणापेक्षा वेगळ्या पट्टीत आहे’ अशी तक्रार आली की आम्ही नम्रपणे सांगतो की ही चूक नसते. सोळाव्या शतकात लिहिलेल्या स्वराला आजच्यासारखी निश्चित उंची नव्हती, आणि वरच्या क्लेफमध्ये (ओळींवरील स्वरांची उंची ठरवणाऱ्या चिन्हात) लिहिलेल्या रचना गाताना चौथ्या किंवा पाचव्या स्वराइतक्या खाली उतरवण्याची प्रथा होती. म्हणून आमच्या नोंदीत मूळ क्लेफ आणि प्रत्येक आवाजाचा सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर दिलेला असतो. आपल्या वृंदात आल्टो कोण गातात आणि टेनर किती आहेत, एवढे कळवल्यास आम्ही त्यांच्या गळ्याला सोसेल अशी पट्टी सुचवतो, आणि त्या पट्टीतील प्रत तयार करून देतो. आल्तुस हा भाग मूळचा उंच पुरुषी आवाजाचा असल्यामुळे तो आजच्या स्त्री-आल्टोंना पुष्कळदा फार खाली जातो, ही गोष्ट सरावाच्या दिवशी समजण्यापेक्षा आधी समजलेली बरी.

अभ्यासकांना आणि गायकांना लागणाऱ्या प्रती सारख्या नसतात. केंब्रिज येथील पीटरहाउस या कॉलेजच्या संग्रहात पाच पुस्तिकांपैकी टेनरची पुस्तिका हरवली आहे. तेथील रचना गाणाऱ्यास तो आवाज नव्याने रचून भरलेली प्रत लागते, तर अभ्यासकाला मूळ कोठे संपते आणि भर कोठून सुरू होते, हे दिसायलाच हवे. आम्ही भरलेला भाग लहान टाइपात छापतो आणि संपादकाने सुचवलेले तीव्र-कोमल स्वर स्वराच्या वर लिहितो, जेणेकरून एकाच प्रतीवर दोघांचेही काम व्हावे. गोव्यातील चर्चमध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, काळात गायल्या जाणाऱ्या मोटेटच्या हस्तलिखित वह्या ज्यांच्या घरी आहेत, त्यांनीही आमच्याशी अवश्य बोलावे. त्या रचना या पत्रकातील काळाच्या नंतरच्या आहेत, तरी त्यांची नोंद आम्ही याच पद्धतीने करतो आणि वही घराबाहेर न नेता, मालकांसमोरच छायाचित्रे घेतो.

ईस्टर आणि नाताळ यांच्या आधीच्या दोन महिन्यांत कामाची गर्दी असते. त्या काळासाठीच्या मागण्या किमान दहा आठवडे आधी पाठवाव्यात, आणि त्यात पहिली ओळ व आवाजांची संख्या असेल तर उत्तर बहुधा दुसऱ्या दिवशी मिळेल.