आयबुप्रोफेनच्या माहितीपत्रकातले इशारे कुठून आले?

दुखण्या-तापावरच्या आयबुप्रोफेन या गोळीच्या पाकिटात घडी करून ठेवलेला कागद बहुतेक जण उलगडतही नाहीत. उलगडला तरी अक्षर बारीक आणि वाक्ये कोरडी: अल्सर असल्यास घेऊ नये, दमा असल्यास डॉक्टरांना विचारावे, गरोदरपणात टाळावे. मला मात्र तो कागद इतिहासाचे टाचण वाटतो. त्यातली एकेक ओळ वेगवेगळ्या काळात, कुणाला तरी इजा झाल्यावर लिहिली गेली आहे. ती इजा कशी झाली हे एकदा कळले की ओळ पाठ करावी लागत नाही.

या गोळीची मुळे अ‍ॅस्पिरिनमध्ये आहेत. विलो झाडाच्या सालीची पूड थंडीतापावर गुण देते, असे एडवर्ड स्टोन या इंग्लिश धर्मोपदेशकाने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. सालीतल्या द्रव्याचा माग काढत रसायनशास्त्र सॅलिसिलिक आम्लापर्यंत आले. १८९७ मध्ये बायर कंपनीतल्या फेलिक्स हॉफमन यांनी त्याचे सौम्य रूप शुद्ध करून बनवले आणि १८९९ पासून ते अ‍ॅस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. डोके दुखले म्हणून एखादी गोळी घेणाऱ्याला त्याचा फारसा त्रास होत नसे. आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांची गोष्ट वेगळी होती. सुजलेले सांधे हलावेत यासाठी त्यांना दिवसाला दहा-बारा गोळ्या घ्याव्या लागत, त्याही वर्षानुवर्षे. कानात सतत आवाज, मळमळ, पोटात आग आणि काहींना रक्ताची उलटी, हे सारे त्यांच्या वाट्याला येई. १९३८ मध्ये लंडनच्या डॉ. आर्थर डाउथवेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने दुर्बिणीतून रुग्णांच्या जठरात डोकावून पाहिले, तेव्हा अ‍ॅस्पिरिनने अस्तर लालबुंद झालेले त्यांना प्रत्यक्ष दिसले. रुग्ण जे सांगत होते त्याला पुरावा मिळाला, पण दुसरे औषध हाताशी नव्हते.

पुढे कॉर्टिसोन आले. त्याने सांध्यांना जादूसारखा गुण येई, पण दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होत आणि अंगावर सूज चढे. फिनाइलब्युटाझोन आले. त्याने काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होत.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये बूट्स या औषध कंपनीत काम करणाऱ्या स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स यांनी १९५३ च्या सुमारास या प्रश्नाला हात घातला. सोळाव्या वर्षी शाळा सोडून औषधाच्या दुकानात उमेदवारी करायला लागलेला हा मुलगा पुढे औषधशास्त्राचा डॉक्टरेट झाला होता. प्रयोगशाळा म्हणजे उपनगरातल्या एका जुन्या घराची पुढची खोली. रसायनतज्ज्ञ जॉन निकल्सन नवनवीन संयुगे बनवत आणि अ‍ॅडम्स ती तपासत. तपासणीची रीत साधी होती. गिनीपिगच्या कातडीवरचे केस काढून त्यावर अतिनील किरण सोडायचे आणि उठणारा लालसर दाह औषधाने किती दबतो ते पाहायचे. अशी सहाशेहून अधिक संयुगे त्यांनी पारखली. त्यातली काही रुग्णांपर्यंत पोचली आणि तिथे हरली. एकाने अंगावर पुरळ उठे. इबुफेनॅक नावाचे एक संयुग तर बाजारातही आले होते, पण ते दीर्घकाळ घेणाऱ्या काहींना कावीळ होऊ लागली, यकृताला इजा दिसली आणि ते मागे घ्यावे लागले. प्राण्यांवरच्या चाचण्यांत याची चाहूल लागली नव्हती. या अनुभवाने दोघे फार सावध झाले असणार, कारण पुढच्या संयुगात त्यांनी सर्वांत जास्त महत्त्व दिले ते शरीरातून लवकर निघून जाण्याला.

ते पुढचे संयुग म्हणजे आयबुप्रोफेन. इबुफेनॅकच्या रेणूला कार्बनचा एक छोटा गट जास्तीचा जोडला, एवढाच काय तो फरक. १९६१ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, १९६६ मध्ये एडिंबरात रुग्णांवर पहिली चाचणी झाली आणि १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ते ब्रुफेन या नावाने, फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, मिळू लागले. रक्तातले त्याचे प्रमाण दोन तासांच्या आसपास निम्मे होते. अ‍ॅडम्स ते स्वतःवरही वापरत. मॉस्कोतल्या एका परिषदेत भाषणाआधी, आदल्या रात्रीच्या मद्यपानाने डोके ठणकत असताना, त्यांनी ६०० मिलिग्रॅम घेतले आणि डोके उतरले, ही आठवण ते पुढे आवडीने सांगत.

इथे एक गोष्ट घडली जी मला या सगळ्या इतिहासाचा कणा वाटते. सुरुवातीला डॉक्टर आमवातासाठीही आयबुप्रोफेन जपून देत, दिवसाला ६०० ते १२०० मिलिग्रॅम. तेवढ्यात पोट क्वचितच बिघडे, म्हणून ‘पोटाला सौम्य’ अशी त्याची ख्याती झाली. पण तेवढ्याने दुखणे थोडे उतरे, सांध्यांची सूज फारशी हटत नसे. मग मात्रा वाढत २४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहून वर गेली. सूज हटू लागली आणि अल्सरही दिसू लागले. ख्याती मात्र जुन्या छोट्या मात्रेचीच टिकून राहिली. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९८४ मध्ये अमेरिकेत ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळू लागली, ती याच छोट्या मात्रेच्या भरवशावर: मोठ्या माणसाला एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त १२०० मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या वेष्टनावर मुदतही छापली गेली: दुखण्यासाठी दहा दिवस, तापासाठी तीन दिवस. त्यानंतरही बरे वाटले नाही तर डॉक्टरांकडे जायचे. ‘ही गोळी सुरक्षित आहे’ असे कुणी म्हणाले की मी आधी विचारतो, किती आणि किती दिवस?

गोळी विकली जात होती, गुणही येत होता, पण ती नेमके काय करते हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. ते कळले १९७१ मध्ये. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले की अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जातकुळीतली औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. १९८२ चे नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन या दोघांबरोबर मिळाले ते याच विषयातल्या कामासाठी. इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन बनतात, म्हणून तिथे लाली येते, सूज येते आणि दुखण्याची जाणीव तीव्र होते. मेंदूत ते ताप चढवतात. त्यांचा कारखाना म्हणजे कॉक्स नावाचे विकर. गोळी तो कारखाना थांबवते.

पण हीच द्रव्ये जठरात दुसरे काम करतात. अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर राखणे, आम्ल शोषून घेणारा क्षार सोडणे, तिथला रक्तपुरवठा चालू ठेवणे हे त्यांच्याकडे असते. ती बंद पडली की जठराचे आम्ल जठरालाच खाऊ लागते. म्हणजे पोटाची इजा केवळ गोळी अस्तरावर पडल्याने होत नाही. औषध रक्तात शिरून आतून पहारा काढून घेते. त्यामुळे आवरण चढवलेल्या गोळीने, इंजेक्शनने किंवा गुदमार्गे दिलेल्या औषधानेही अल्सर होऊ शकतो. जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ आणि जळजळ कमी होते, तेव्हा ती सवय चांगलीच. पण जेवणाने गेलेला पहारा परत येत नाही. ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे, वय पासष्टच्या पुढे आहे, जे रक्त पातळ करणारी औषधे किंवा स्टेरॉइड घेतात किंवा नियमित दारू पितात, त्यांनी ‘जेवून घेतली होती ना’ एवढ्यावर विसंबू नये. अशांना खरोखर गरज असेल तर डॉक्टर सोबत आम्ल कमी करणारे औषध देतात. शौचास डांबरासारखे काळे होणे किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसणे म्हणजे आत रक्तस्राव होतो आहे. तेव्हा तडक रुग्णालय गाठायचे. अल्सर काही वेळा अजिबात न दुखता रक्त सोडतो, कारण दुखणे दाबणारे औषध पोटात असतेच.

मूत्रपिंडाची गोष्टही याच द्रव्यांची. धडधाकट माणसाला तिथे त्यांची विशेष गरज पडत नाही. पण जुलाब, उलट्या, कडक ऊन किंवा रक्तस्राव यांमुळे अंगातले पाणी घटले की मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करतात. नेमक्या त्याच वेळी आयबुप्रोफेन घेतले तर नळी आवळते आणि लघवी कमी होते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि तिसरी ही, असा त्रिकुटाचा मेळ मूत्रपिंड अचानक निकामी करू शकतो. शरीर मीठ-पाणी धरून ठेवू लागते, पाय सुजतात, रक्तदाब चढतो आणि हृदय अशक्त असेल तर धाप लागते. तापाबरोबर जुलाब-उलट्या चालू असलेल्या लहान मुलाला हे औषध देताना हात आखडावा तो यासाठी. मुलांची मात्रा वजनावर ठरते, वयाच्या अंदाजावर ती ठरवू नये. कांजिण्या आल्या असतील तर ते टाळावेच, आणि डेंग्यूची शंका असेल तर मोठ्यांनीही, कारण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका आधीच असतो.

१९९० च्या सुमारास कळले की कॉक्सचे दोन प्रकार आहेत. पहिला जठर आणि रक्तपेशींची रोजची देखभाल करतो, दुसरा मुख्यतः दाहाच्या जागी जागा होतो. फक्त दुसरा बंद केला तर दुखणे जाईल आणि पोट वाचेल, हा विचार खरोखर सुंदर होता. १९९९ मध्ये मर्क कंपनीचे रोफेकॉक्सिब व्हायॉक्स या नावाने आले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे आठ हजार रुग्णांच्या चाचणीत त्याने पोटाच्या गुंतागुंती कमी केल्या, पण नॅप्रॉक्सेन हे जुन्या जातकुळीतले औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. ‘नॅप्रॉक्सेनच हृदयाला जपत असेल’ असा अर्थ तेव्हा लावला गेला. पुढच्या एका चाचणीत समोर नुसती बिनऔषधाची गोळी होती, आणि तिथेही झटके जास्तच निघाले. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने औषध जगभरातून मागे घेतले. तोवर सुमारे आठ कोटी लोकांनी ते घेतले होते. पहिल्या आकड्यांनंतर गेलेली ती चार वर्षे आजही मला अस्वस्थ करतात.

या धक्क्याने सगळी भावंडे तपासणीखाली आली. रक्ताच्या गाठी होऊ न देणारे एक प्रोस्टाग्लँडिन दुसऱ्या कॉक्सच्या हाती असते आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक हेही तो कॉक्स बंद करतात. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अ‍ॅस्पिरिन वगळता या गटातल्या औषधांवर हृदयविकाराचा इशारा छापायला लावला आणि २०१५ मध्ये तो अधिक कडक केला: धोका पहिल्या काही आठवड्यांतही संभवतो आणि मात्रेबरोबर वाढतो. त्याच वर्षी युरोपच्या नियामकांनी आयबुप्रोफेनपुरते आकडे सांगितले. दिवसाला २४०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास हृदय आणि मेंदूच्या झटक्यांचा धोका थोडा वाढतो, १२०० पर्यंत अशी वाढ दिसलेली नाही. आधीचीच रेषा पुन्हा समोर आली.

हृदयासाठी रोज कमी मात्रेतले अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना आणखी एक अडचण आहे. रक्तपेशींवरच्या ज्या जागी अ‍ॅस्पिरिन बसायचे, तिथे आयबुप्रोफेन आधी जाऊन बसले तर अ‍ॅस्पिरिन तसेच वाहून जाते. म्हणून २००६ पासून सल्ला असा की साधे अ‍ॅस्पिरिन आधी घ्यावे आणि आयबुप्रोफेन किमान अर्ध्या तासाने. रोज दोन्ही लागत असतील तर मात्र डॉक्टरांशी बोलायलाच हवे. दम्याची ओळ त्याहून कितीतरी जुनी आहे. १९२२ मध्ये फ्रान्समध्ये विडाल यांनी अ‍ॅस्पिरिनने दमा उसळणारे रुग्ण नोंदवले होते, आणि अ‍ॅस्पिरिनने ज्यांना धाप लागते त्यांना आयबुप्रोफेननेही लागते. एकाच वेळी या गटातल्या दोन गोळ्या घेणे ही चूक तर नकळत होते. सर्दीच्या गोळीत, पाळीच्या दुखण्यावरच्या गोळीत, पॅरासिटामॉलच्या जोडगोळीत आयबुप्रोफेन वेगळ्या नावाने दडलेले असते. पाकिटावरचे मोठे नाव सोडून खालचे बारीक नाव वाचायचे.

गरोदरपणाची ओळ सर्वांत अलीकडे बदलली. तिसाव्या आठवड्यानंतर हे औषध टाळावे हे आधीपासून माहीत होते, कारण गर्भाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मापर्यंत उघडी राहायला हवी, ती आईने घेतलेल्या गोळीने आवळू शकते. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही मर्यादा विसाव्या आठवड्यापर्यंत खाली आणली. गर्भाची मूत्रपिंडे मंदावतात आणि त्याच्याभोवतीचे पाणी घटते, हे त्याचे कारण. गर्भजल मुख्यतः गर्भाच्या लघवीचेच बनलेले असते.

आणि हीच रक्तवाहिनी अपुऱ्या दिवसांच्या बाळात जन्मानंतरही बंद होत नाही तेव्हा ती बंद करायला आयबुप्रोफेनच शिरेतून देतात. पहिला डोस वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, मग चोवीस-चोवीस तासांनी ५ आणि ५. दुसरा डोस देण्याआधी बाळाला लघवी किती झाली ते मोजतात. ती फार कमी असेल तर मूत्रपिंडे सावरेपर्यंत पुढचा डोस थांबवतात.