टाकीतली हवा कुठे जाते?

तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एकातून तेल येतं, समोरच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरं भोक राहिलं की तेल गचके खात येतं आणि निम्मं ओट्यावर. शिडाच्या होडीवरची गोड्या पाण्याची टाकी म्हणजे हाच डबा, फक्त उलटा चाललेला: पाणी आत, हवा बाहेर.

एका मित्राच्या होडीवर मी टाकी भरायला गेलो. टाकी 200 लिटरची, बाकाखाली बसवलेली. डेकवरचं झाकण उघडून पाइप सोडला, तर दोन मिनिटांत पाणी उसळून माझ्याच पायांवर. टाकी पावसुद्धा भरली नव्हती. ‘हवा धरलीय,’ मित्र म्हणाला.

मिनिटाला 20 लिटर पाणी आत जाणार, तर 20 लिटर हवा बाहेर पडलीच पाहिजे. तिच्यासाठी टाकीच्या माथ्यावरून एक बारीक नळी वर नेलेली असते. आमची नळी मध्येच झोळीसारखी लोंबत होती आणि त्या झोळीत मागच्या खेपेचं पाणी साचलं होतं. बेसिनखालचा वाकडा पाइप असाच पाणी धरून गटाराचा वास अडवतो. तिथे ते सोयीचं, इथे नाही. साचलेलं पाणी ढकलत वर नेण्यापेक्षा हवेला भरायच्या रुंद पाइपातून उलटं येणं सोपं गेलं आणि येताना तिने पाणीही उडवलं. नळी सतत चढती हवी, एवढंच. (नळी सरळ असूनही हवा अडली तर तोंडाशी बघावं. कुंभारीण माशीला अशी भोकं फार आवडतात, ती मातीने लिंपून टाकते.)

खरा धोका मात्र टाकी भरल्यानंतर. पाणी हवेच्या सुमारे 800 पट जड. ज्या बारीक नळीतून हवा सहज निसटत होती, तिच्यातून तितक्याच वेगाने पाणी ढकलायला कितीतरी जास्त दाब लागतो. पाइप डेकच्या तोंडात घट्ट बसवला असेल तर नळाचा तो दाब थेट टाकीवर येतो. नळाचं सोडा, टाकीच्या वर मीटरभर पाणी नुसतं उभं राहिलं तरी दर चौरस मीटरला एक टन भार होतो. म्हणजे टाकीच्या 60 बाय 50 सेंटिमीटरच्या झाकणाला आतून 300 किलो. नळी कितीही बारीक असो, दाब ठरतो उंचीवर. म्हणून पाइप तोंडात सैलच ठेवायचा.

आणि होडी कलते. नळीचं तोंड बाहेरच्या कडेला काढलं असेल तर वाऱ्यात वीस-पंचवीस अंश कललेल्या होडीचं ते तोंड समुद्रात बुडू शकतं आणि गोड्या पाण्यात खारं मिसळतं. त्यामुळे नळी आधी होडीच्या मध्याजवळ उंच नेऊन मग खाली वळवतात. काहीजण तिचं तोंड आत, सिंकच्या वरच ठेवतात. मला हे जास्त पटतं, टाकी भरली की डोळ्यांना दिसतं.

झोळी काढून नळी ताणून बांधली आणि पुन्हा पाइप सोडला. मित्राने नळीच्या तोंडाशी कान नेला. बारीक फुसफुस चालली होती. दहाएक मिनिटांनी तिची गुळगुळ झाली आणि तो ओरडला, ‘बंद कर!’