कॅलिफोर्नियाची लोकसंख्यावाढ आणि परदेशी स्थलांतर

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या लोकसंख्यावाढीत परदेशातून आलेल्यांचा वाटा सुरुवातीपासूनच मोठा आहे, पण तो नक्की किती हे काढायला बसलं की पहिल्याच आकड्याला अडायला होतं. जानेवारी १८४८ मध्ये सोनं सापडलं आणि पुढच्या काही वर्षांत पूर्वेकडच्या राज्यांतून तर लोकं आलीच, शिवाय मेक्सिको, चिली, चीन, आयर्लंड, जर्मनीतूनही आली. १८५० च्या जनगणनेत ९२,५९७ असा आकडा छापलाय पण तो अपुरा आहे, सॅन फ्रान्सिस्कोचे तक्ते आगीत गेले, कॉन्ट्रा कोस्टा आणि सांता क्लारा काउंटीचे (म्हणजे जिल्ह्यांचे) हरवले, आणि बहुतेक मूळनिवासी मोजलेच नव्हते. दोनच वर्षांनी राज्याने स्वतः मोजणी केली तर अडीच लाखांच्या वर माणसं भरली! त्यामुळे १८६० च्या ३,७९,९९४ वरून 'दहा वर्षांत चौपट' असं जे लिहिलं जातं ते जपून घ्यावं, १८५२ चा पाया धरणं जास्त बरं. याच काळात मूळनिवासी अंदाजे दीड लाखावरून १८७० पर्यंत ३० हजारांच्या आसपास उरले, म्हणजे नुसती 'वाढ' म्हणणंही अर्धवटच.

१८८२ चा चिनी बंदी कायदा, मग १९२४ चा कोटा (कुठल्या देशातून किती जण येऊ द्यायचे याची मर्यादा), यामुळे परदेशी ओघ आटला. दुसऱ्या महायुद्धानंतरची वाढ मुख्यतः देशातल्याच स्थलांतराची आणि जन्मांची. १९७० ला परदेशात जन्मलेले ९ टक्क्यांच्या आतच होते, १९६५ च्या कायद्याने देशवार कोटा मोडल्यावर हे प्रमाण चढत गेलं आणि २०१० ला २७ टक्क्यांवर पोचलं.

खरा वाद हिशोबाचा आहे. सरळ पद्धतीत निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) वेगळं आणि नैसर्गिक वाढ (जन्म वजा मृत्यू) वेगळी धरतात, पण आलेली लोकं बहुतेक तरुण असतात, त्यांना इथे झालेली मुलं दुसऱ्या रकान्यात जातात आणि स्थलांतराचा वाटा कागदावर कमी दिसतो. ही मुलं धरून काढलेला हिशोब दीर्घ काळासाठी जास्त पटतो, फक्त किती पिढ्या धरायच्या यावर एकमत नाही.

१९९० च्या दशकापासून राज्य सोडून दुसऱ्या राज्यांत जाणारे येणाऱ्यांपेक्षा जास्त झाले, तरी परदेशी ओघ आणि जन्मांमुळे संख्या वाढतच राहिली. २०२० ला ती ३,९५,३८,२२३ झाली, पण बाकी देशाच्या मानाने वेग कमी पडला आणि अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या (तिथे जागा लोकसंख्येवरून ठरतात) राज्याच्या जागा ५३ वरून ५२ वर आल्या, राज्याच्या इतिहासात पहिल्यांदाच.