राज्य वीज मंडळांची पुनर्रचना

राज्य सरकारच्या एकसंध वीज मंडळाचे निर्मिती, पारेषण (उच्च दाबाच्या तारांवरून वीज दूर नेणे) आणि वितरण अशा स्वतंत्र कंपन्यांत विभाजन करण्याची भारतातील प्रक्रिया. बहुतेक राज्यांत मालकी सरकारकडेच राहिली. पुढच्या अनेक अडचणींचे मूळ तिथेच आहे.

१९४८ च्या वीज (पुरवठा) कायद्याने राज्याराज्यांत मंडळे उभी राहिली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. डोंगरातल्या वाडीपर्यंत खांब आणि तारा नेण्याचे काम मंडळांनी केले, आणि ते केवळ नफातोट्याच्या हिशेबाने मोजणे अन्यायाचे आहे. मात्र दर ठरवताना राजकीय सोय पाहिली गेली, वसुली सैल पडली आणि १९९० च्या दशकात मंडळे कर्जात बुडाली. ओडिशाने १९९६ मध्ये प्रथम विभाजन केले, आंध्र प्रदेशने १९९९ मध्ये. २००३ च्या वीज कायद्यानंतर बाकीची राज्येही त्याच वाटेने गेली. महाराष्ट्रात ६ जून २००५ रोजी महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांचे भाग धारण करणारी सूत्रधारी कंपनी अस्तित्वात आली. केरळने मात्र मंडळाची एकच कंपनी केली.

विभाजनाचा सर्वांत ठोस लाभ म्हणजे हिशेब उघडा पडला. घरगुती वीजबिलावर ‘वीज आकार’ आणि ‘वहन आकार’ अशा वेगळ्या ओळी दिसतात. वीज विकत घेण्याचा खर्च आणि ती तारांवरून दारापर्यंत आणण्याचा खर्च वेगळा मोजला जातो, याची ती घराघरात पोचलेली खूण. दर ठरवण्याचे काम १९९८ च्या कायद्यानेच नियामक आयोगांकडे गेले होते. जनसुनावणीत साधा ग्राहकही कंपनीला आकडे विचारू शकतो, ही गोष्ट मंडळांच्या काळात नव्हती.

कामगिरी मोजण्याचे प्रमुख माप म्हणजे एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी. समजा, वाहिनीत १०० युनिट सोडले, त्यांतल्या ८० युनिटचे बिल निघाले आणि बिलाच्या रकमेपैकी ९० टक्केच जमा झाली, तर पैसे आले ७२ युनिटचे; हानी २८ टक्के. तारांचे तापणे, आकडे टाकून केलेली चोरी, बंद मीटर आणि थकलेली बिले हे सगळे या एका संख्येत येते. देशभरात ही हानी शतकाच्या आरंभी एक तृतीयांशाहून अधिक होती. २०२२-२३ मध्ये ती सुमारे १५ टक्क्यांवर आली. गुजरातने गावाच्या घरगुती पुरवठ्यापासून वेगळी केलेली शेती वाहिनी आणि महाराष्ट्राने हानी व वसुलीनुसार पाडलेले भारनियमनाचे गट हे या काळातले लक्षात राहणारे प्रयोग. यंत्रमागांच्या भिवंडीत २००७ पासून वितरण खासगी फ्रँचायझीकडे (वितरण कंपनीच्या वतीने वीज पुरवून वसुली करणाऱ्या कंपनीकडे) गेले आणि तिथली हानी बरीच घटली; औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरचे तसेच करार मात्र मुदतीआधीच संपले.

निर्मिती आणि पारेषण कंपन्यांचे पैसे शेवटी वितरण कंपनीकडूनच येतात, त्यामुळे साखळीतला सगळा ताण तिच्यावर गोळा होतो. तिची वसुली अडली की निर्मिती कंपनीची देणी थकतात आणि कोळशाचे बिल तुंबते. २०१५ च्या ‘उदय’ योजनेत राज्यांनी वितरण कंपन्यांचे ७५ टक्के कर्ज स्वतःकडे घेण्याची तरतूद होती, तरी तोटा पुन्हा साठलाच. त्यानंतर २०२१ मध्ये सुमारे तीन लाख कोटी रुपयांची सुधारित वितरण क्षेत्र योजना आली. तिच्यात निधी कामगिरीशी जोडला आहे.

सर्वांत अवघड गाठ शेतीपंपाची. अनेक पंपांना मीटरच नाही. त्यांचे बिल अश्वशक्तीवर निघते आणि वापर अंदाजाने धरला जातो. अंदाज फुगवला की चोरी आणि गळती ‘शेतीचा वापर’ या नावाखाली लपते. त्यात बदनाम होतो शेतकरी. त्याच्या बाजूचे वास्तव असे, की वीज रात्री येते, दाब कमी असतो, एका डीपीवर (रोहित्रावर) मर्यादेपेक्षा जास्त पंप असतात, आणि डीपी जळाली की पीक उभ्याने सुकत असताना नव्या डीपीची वाट पाहावी लागते. अशा पुरवठ्याचे बिल भरायला मन होत नाही, आणि बिलाचे पैसे आले नाहीत म्हणून कंपनी दुरुस्तीला हात आखडते. दोष एकाच बाजूला टाकणे सोपे, पण चुकीचे आहे.

सवलतीच्या दराचा फरक सरकारने कंपनीला आगाऊ द्यावा, असे २००३ च्या कायद्याचे कलम ६५ सांगते. ही रक्कम उशिरा आली की कंपनी खेळत्या भांडवलासाठी कर्ज काढते आणि व्याज दरवाढीतून इतर ग्राहकांवर पडते. महाराष्ट्रातील उद्योगांचे दर आधीच क्रॉस सबसिडीने, म्हणजे इतरांच्या सवलतीचा भार त्यांच्यावर टाकल्याने, चढे. म्हणून मोठे ग्राहक मुक्त प्रवेशाने (वितरण कंपनीऐवजी दुसऱ्याकडून वीज विकत घेऊन) किंवा स्वतःच्या सौर प्रकल्पाने बाहेर पडतात, आणि भार उरलेल्यांवर येतो. समांतर परवान्याच्या (त्याच भागात दुसऱ्या कंपनीलाही वीजवितरणाची परवानगी देण्याच्या) प्रश्नावर महाराष्ट्रातील तिन्ही कंपन्यांचे कर्मचारी जानेवारी २०२३ मध्ये संपावर गेले, त्यामागची भीती हीच होती: चांगले पैसे देणारी शहरे गेली, तर खेडी कोण सांभाळणार?

एप्रिल २०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे, तर उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून चालू आहे. सौर वाहिनीमुळे रात्रीची पाळी टळते. पण मोफत पुरवठ्यात पंपाचा मीटर वाचण्याची निकड उरत नाही, त्यामुळे वापराच्या अंदाजाचा जुना प्रश्न जागच्या जागी आहे.